वजन

तेजलनं तिकिटं काढली तेव्हाच म्हटलं,
दोनशे चाळीस रुपये,
एक माणूस उडताना बघायला?
रंकाळ्यावर बगळे फुकट उडतात.

ती हसली नाही. मोबाईल पुढं केला.
ट्रेलरमध्ये तो पुलावर उभा राहून
भरलेली बस उचलून धरत होता, एका हातानं,
आणि भांग जागच्या जागी.

मी एकतीस वर्षं उद्यमनगरात
ओतकामाचे लाकडी पॅटर्न केलेत.
वजन म्हणजे काय, ते मला कळतं.
उचलताना माणूस आधी तळव्यातून पसरतो,
अंगठा जमीन धरतो,
मानेची शीर वर येते,
आणि तोंडातून जो आवाज निघतो
तो पाहुण्यांसमोर काढण्यासारखा नसतो.
तालमीत बाजी आवळे दगडी गोटी उचलायचा
तेव्हा त्याच्या टाचेखाली
तांबडी माती पुरणासारखी दबायची.
या गड्याच्या बुटाखाली
डांबराला साधी चीर नाही.

"पप्पा, गोष्ट बघायची असते."
बरं. गोष्ट बघू.

आठवडाभर रौफ मुजावरला सांगत राहिलो,
रविवारी बस उचलायला चाललोय, येतोस काय.
शनिवारी रात्री मात्र सगळे झोपल्यावर
तो ट्रेलर परत बघितला, आवाज बंद करून.
फक्त पाय बघायला.

नंबरच्या चष्म्यावर तो दुसरा चष्मा.
शहर पडलं.
मग त्याच्याहून मोठं शहर पडलं.
एवढी काच झाडणार कोण, कुणी विचारेना.
मग वितळलेल्या लोखंडाची नदी आली
पिकलेल्या संत्र्याच्या रंगाची,
आणि माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं,
"असला थंड रस साच्यात निम्म्यात गोठंल!"
पुढच्या रांगेतलं पोरगं वळलं.
"काका, बघू द्या की राव."
तेजल खुर्चीत आणखी खाली सरकली.

मध्यंतरानंतर कधीतरी,
मी सामोशाचा कागद सोडवत होतो,
त्याची शक्ती गेली होती की त्यानंच सोडली होती,
ते काही माझ्या ध्यानात आलं नाही,
तो एका म्हाताऱ्या वॉचमनला पाठीवर घेऊन
जिना उतरत होता. पायऱ्या मोजत, साध्या माणसासारखा.
कुठल्याशा वळणावर
त्याचा उजवा गुडघा
जरासा बाहेर गेला
आणि परत आला.

बस. एवढंच.
कुणी शिट्टी मारली नाही.

सामोसा तसाच हातात.
आबांना मी असंच खाली आणलं होतं एकदा,
दवाखान्याची लिफ्ट बंद, तिसरा मजला,
त्यांची हनुवटी माझ्या खांद्यात रुतलेली.
गुडघा कुठल्या बाजूला जातो
हे पाठीवर कुणी असल्याशिवाय समजत नाही.
मग हे कुणाला समजलं होतं?
बस उचलणाऱ्याला तर नाही.
कुठंतरी, कुठल्यातरी खोलीत, कॉम्प्युटरसमोर
एक कारागीर बसला होता
ज्यानं कुणालातरी उतरवलं होतं.

पुढं परत उडणं, परत मारामारी.
मी तो जिनाच बघत होतो.

शेवटी नावं सुरू झाली.
"थांबायचं हं, शेवटी अजून एक सीन असतो."
मी थांबलोच होतो.
नावं मुंग्यांसारखी वर चढत होती,
चिनी, स्पॅनिश, मधेच एक कुलकर्णी,
एक कुणीतरी पिल्लई, मग परत मुंग्या.
यातलं गुडघ्याचं नाव कुठलं?
झाडूवाल्या बाई दारात टेकून उभ्या.
शेवटचा सीन आला. कुणीतरी नवा मुखवटा घातला.
पोरं ओरडली. मला काही अर्थ लागला नाही.

सोमवारी मुजावरनं विचारलं, "कसा होता?"
"भंगार," म्हटलं. "निव्वळ भंगार.
लोखंडाचा रंगसुद्धा येत नाही त्यांना."
आणि वाळूच्या ढिगाजवळ, पाठीवर कुणी नसताना,
मी त्याला तो गुडघा करून दाखवला.

त्यानं हातातला ठोकणा खाली ठेवला.
"थांब," म्हणाला.
"परत दाव."